दावं सोडा, दावा सोडू नका

(सिन्नर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या वाड्यांच्या बैठकीत, पावसाळ्याच्या तयारीवर केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)



आजच्या बैठकीला नेहमीचे विषय आहेतच. कुणाचा दावा कुठं अडकला, उपविभागीय समितीनं कुणाकडं कोणता कागद मागितला, मोजणी कधी होणार. ते सगळं घेऊ. पण मिरीग तोंडावर आलाय, म्हणून आधी पावसावर बोलायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडं आलं.

काही जण म्हणतील, पाऊस काय आम्हाला नवा हाये का? संघटनेनं जमिनीचं बोलावं, पावसाचं तहसीलदार बघून घेईल. पण हे दोन विषय वेगळे नाहीत. पावसात माणूस का मरतो, याचं कारण शोधत गेलं की शेवटी जमिनीच्या कागदापाशीच येऊन थांबावं लागतं. तेच मला आज सांगायचंय.

आधी आपला तालुका बघू. सरकारी कागदावर सिन्नर म्हणजे दुष्काळी. ते खोटं नाही. वावी-पांगरीकडची माणसं टँकरची वाट बघत आयुष्य काढतात. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारनं राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सिन्नरचं नाव होतं. पण त्याच्या आदल्या वर्षी काय झालं? २०२२ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला, गणपतीच्या दिवसांत, सिन्नर गावावर असा पाऊस कोसळला की सरस्वती नदीचं पाणी घरांत, दुकानांत शिरलं. एरवी त्या नदीकडं कुणी ढुंकून बघत नाही. म्हणजे साधारण चौदा महिन्यांत एकाच तालुक्यानं पूरही बघितला आणि दुष्काळही.

आणि आपण तर तालुक्याच्या मावळतीला. औंढा, पट्टा, आड या किल्ल्यांची डोंगररांग आपल्या डोक्यावर. धोंडबार, औंढेवाडी, आडवाडी, ठाणगाव, कोनांबे हा सगळा पट्टा चढ-उताराचा. इथलं पाणी म्हाळुंगीत उतरतं, देव नदीत उतरतं. खाली शेतकऱ्याला ते पाणी म्हणून दिसतं, वर आपल्याला ते ओढा म्हणून, दरड म्हणून, वीज म्हणून दिसतं. तालुक्याला दुष्काळी म्हटलं की कचेरीत सगळी तयारी टँकरची होते. डोंगरातल्या वाडीचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता तीन गावांची नावं सांगते. ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण. महादेव कोळ्यांचं गाव. सकाळच्या वेळी डोंगर आला आणि १५१ माणसं गेली. गाव गाडलं गेलंय हे बाहेर कळलं ते एस.टी.च्या ड्रायव्हरमुळं, कारण तो गाडी घेऊन आला तर गावच दिसेना. २२ जुलै २०२१. महाड तालुक्यातलं तळिये. ऐंशीच्या वर माणसं गेली. १९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. ठाकरांची वाडी, इर्शाळगडाच्या पायथ्याला. रात्रीची वेळ, माणसं झोपलेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता, म्हणून मशीन वर चढेना. माणसांनी हातानं, फावड्यानं माती उकरली. जी पोरं आश्रमशाळेत होती ती वाचली, पण काहींचे आईबाप गेले.

इर्शाळवाडीबद्दल सरकारनं नंतर काय सांगितलं? दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. यादीत नव्हती. आपल्याला हे नवीन नाही. आपण वर्षानुवर्षं कसलेली जमीन सातबाऱ्यावर नसते, आपलं घर नकाशावर नसतं, तसंच आपला धोकाही यादीत नसतो. म्हणून यादीची वाट बघायची नाही. आपल्या वाडीची यादी आपण करायची.

ती कशी करायची, ते सांगते. ग्रामसभेनं आणि वनहक्क समितीनं मिळून वाडी फिरायची. बरोबर म्हातारी माणसं घ्यायची, कारण ओढा पूर्वी कुठून वाहायचा, कोणत्या साली कुठली कपार सुटली, हे त्यांनाच ठाऊक. चार गोष्टी बघायच्या. एक, घराच्या वरच्या बाजूला जमिनीला भेग गेलीय का. दोन, झाडं, विजेचे खांब, बांध खालच्या अंगाला कललेत का. तीन, जिथं कधी झरा नव्हता तिथं पाझर फुटतोय का, किंवा नेहमीचा झरा गढूळ झालाय का. चार, घराची भिंत फुगलीय का, दार एकाएकी अडकायला लागलंय का. यातलं काहीही दिसलं की ते घर यादीत. ओढ्याच्या काठावरचं घरही यादीत.

आणखी एक जागा बघायची, डोंगर कापलेला असेल ती. आपल्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांच्यापर्यंत रस्ते गेलेत. कुठं शेतासाठी मशीननं सपाटी केलीय. उताराचा पाय कापला की वरची माती लोंबकळत राहते, आणि चर बुजला की पाणी नवी वाट शोधतं. माळीणनंतरही वरच्या उतारावर मशीननं केलेल्या सपाटीवर खूप चर्चा झाली होती. म्हणून कापलेल्या जागेखाली घर असेल तर तिथलं पाणी कुठं उतरतं, हे पहिल्या पावसातच इरलं घेऊन जाऊन बघा.

आता मुख्य गोष्टीवर येते. समजा यादी झाली. सहा घरं धोक्याची निघाली. त्यांना सांगितलं की पावसाचे चार महिने रात्रीपुरतं तरी शाळेत नाहीतर भावकीत झोपा. ती माणसं हलतील का? मी विचारून बघितलंय. एक आजोबा म्हणाले, "पोरी, डोंगराचं भ्या नाय मला. मी घर सोडलं तर उद्या फॉरेस्टवाला म्हणंल, हितं कुनी राहतच नव्हतं. मंग दाव्याचं काय?"

त्यांचं भय खरं आहे. आपल्या माणसानं प्लॉट टिकवायचा तो तिथं राहूनच टिकवलाय. चूल पेटती ठेवली म्हणून ताबा राहिला. म्हणून तो दरडीखाली झोपतो. बाहेरची माणसं म्हणतात, ह्या लोकांना समजत नाही, अडाणी आहेत. आपल्या माणसाला सगळं समजतं. त्याच्यापुढं दोन धोके आहेत, आणि डोंगर येईल न येईल पण जमीन जाईल हे त्याला जास्त खात्रीचं वाटतं.

तेव्हा आपल्याला ही गाठ सोडवायची आहे. जीव वाचवणं आणि जमीन वाचवणं ही दोन कामं आहेत, आणि दोन्ही एकदम करता येतात. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ४ (५) मध्ये लिहिलंय की दाव्याची ओळख आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला वनजमिनीवरून काढता येत नाही. दावा १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या कब्जावर ठरतो. यंदाच्या श्रावणात तुम्ही कुठं झोपलात, यावर ठरत नाही. पण हे नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही. कागद करायचा. ग्रामसभेत ठराव घ्यायचा, आणि त्यात असं लिहायचं:

"आमच्या वाडीतील खाली नावे दिलेली कुटुंबे दरड व पुराच्या धोक्यामुळे पावसाळ्यात तात्पुरती दुसरीकडे राहतील. हे राहणे केवळ जिवाच्या रक्षणासाठी आहे. त्यांच्या वनजमिनीवरील ताबा, वहिवाट व वनहक्क कायद्याखालील दावा पूर्ववत कायम आहे."

खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. एक प्रत तहसीलदाराला, एक प्रांताला, एक वनखात्याच्या रेंज ऑफिसला, एक जिल्हाधिकाऱ्याला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतो. प्रत्येक प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख. पोच नसेल तर तो कागद आपण दिलाच नाही असं समजा.

कुणी सांगेल की सिन्नर पेसात नाही, तुमच्या ठरावाला काय किंमत? खरंय, सुरगाणा, पेठ, कळवण अनुसूचित क्षेत्रात आहेत, आपला तालुका नाही. पण वनहक्क कायद्याला पेसाची अट नाही. तो सगळीकडं लागू आहे आणि त्यात ग्रामसभेला अधिकार दिलेत. मान खाली घालून परत यायचं नाही.

आता घरातल्या तयारीचं बोलू. आया-बायांनो, हे तुमच्यावर सोडलेलं काम नाही, घरातल्या सगळ्यांचं आहे.

पहिली पेटी कागदाची. दाव्याची पोच, जीपीएस मोजणीचा नकाशा, स्थळ पाहणीचा पंचनामा, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, जातीचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, घरपट्टीची पावती. सगळं प्लास्टिकच्या जाड पिशवीत, पिशवीचं तोंड घट्ट बांधून पत्र्याच्या पेटीत. पेटी माळ्यावर नको, दाराजवळ ठेवा, म्हणजे निघताना हाताला येईल. झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या गावच्या सोयऱ्याकडं. पोराच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि एक फोटो कागदाचा नाही, जागेचा. घर, विहीर, बांध, आंब्याची जुनी झाडं, पूर्वजांची थडगी. ही सगळी दाव्याची पुरावे आहेत. एका रात्रीत ओढा ती वाहून नेऊ शकतो. आज फोटो असेल तर उद्या सांगता येईल की इथं घर होतं.

दुसरी गोष्ट पावसाची मोजणी. सरळ बाजूचा रिकामा डबा घ्या, वरती आणि खाली सारख्याच रुंदीचा. अंगणात उघड्यावर दगड लावून ठेवा. रोज सकाळी त्यात किती पाणी साठलं ते बघून वहीत लिहा आणि डबा ओता. शाळेतल्या पोराकडं हे काम द्या, पट्टीनं मोजेल. सरकारी हिशेबात मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. ते डब्यात साधारण चार बोटं भरतं. सरकारचं पर्जन्यमापक खाली मंडळाच्या गावाला असतं आणि पाऊस पडतो वर डोंगरात. खाली ४० लिहिलं गेलं तर वरच्या खाचरातलं भात वाहून गेलेलं कुणी मानत नाही. आपली वही असली तर बोलायला आधार राहील. आणि जिवासाठीही तिचा उपयोग आहे. संध्याकाळपर्यंत डबा चार बोटं भरला आणि पाऊस थांबत नसेल, तर यादीतल्या घरांनी अंधार पडायच्या आत निघायचं. वाट बघायची नाही.

तिसरी गोष्ट, रात्रीचा माणूस. आपली तरुण पोरं मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यांत रात्रपाळीला असतात. घरात म्हातारी आणि लेकरं. म्हणून प्रत्येक चार-पाच घरांचा एक गट करा. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाला चालता येत नाही, कुणाला ऐकू येत नाही, ते गटाला माहीत पाहिजे. त्यांना कोण उचलणार, ते आजच नाव घेऊन ठरवा. पावसाच्या रात्री गटातला एक जण आळीपाळीनं जागा. मोबाईलला रेंज नसते, म्हणून थाळी नाहीतर ढोल. तो वाजला की घराबाहेर. ढोल पावसात उगाच कुणी वाजवायचा नाही, हेही पोरांना सांगून ठेवा.

आवाज आला, दगड घरंगळल्यासारखा किंवा जमीन गुरगुरल्यासारखा, किंवा भरलेल्या ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं, तर समजा वर माती अडलीय. ते पाणी माती घेऊन येणार. अशा वेळी ओढ्याच्या वाटेनं खाली पळायचं नाही. माती त्याच वाटेनं येते आणि ती माणसापेक्षा जोरात येते. उताराला आडवं पळायचं, बाजूच्या उंच, टणक जागेकडं. ती जागा आणि वाट उन्हातच चालून बघा, म्हाताऱ्यांसकट. एकदा निघाल्यावर पेटीसाठी, कोंबड्यांसाठी परत फिरायचं नाही.

आणि जनावरं. गोठ्यात बांधलेलं जनावर बांधल्या जागी मरतं. पाऊस वाढला की दावं सोडून द्या. सुटलेलं जनावर आपली वाट काढतं. दाव्याची गाठ एका ओढीत सुटेल अशी मारायला पोरांना शिकवा.

चौथी गोष्ट वीज. मिरगाच्या आधी आणि परतीच्या पावसात ती जास्त पडते, आणि तेव्हाच आपण रानात असतो. चमकलेली दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात आकडे मोजा. तीसच्या आत आवाज आला तर वीज जवळ आहे. शाळा, पक्कं घर, बंद गाडी, जे जवळ असेल तिथं जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. एकट्या झाडाखाली कधीच नाही. खाचरातल्या पाण्यातून बाहेर या, विळा-कोयता बाजूला ठेवा. आडोसाच नसेल तर एकमेकांपासून लांब लांब होऊन, पाय जोडून उकिडवं बसा, आडवे झोपू नका. मोबाईल असेल त्यानं 'दामिनी' ॲप घ्या, पुण्याच्या हवामान संस्थेनं काढलंय, विजेची सूचना देतं. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात, भरभर दाबत राहा, आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन लावा. शेणात पुरणं, मातीत पुरणं यात त्याचा वेळ जातो आणि जीवही जातो.

फोनचे आकडे भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. १०८ गाडीसाठी, ११२ पोलीस आणि तातडीच्या मदतीसाठी, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी.

शेवटी भरपाई. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत माणूस गेला तर वारसाला ४ लाख आहेत. वीज पडून गेला तरी आपल्या राज्यात ते मिळतात, पण शवविच्छेदनाचा कागद लागतो, तो घेतल्याशिवाय अंत्यविधी करू नका. गाय-म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,०००, शेळी ४,०००. जनावराच्या कानातला बिल्ला मारून घ्या, तोच पुरावा. घर पूर्ण पडलं तर डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. आणि झोपडी पडली तर ८ हजार. आता सांगा, कुडाचं, मातीचं घर पंचनाम्यात काय म्हणून लिहिलं जाईल? एका शब्दानं सव्वा लाखाचा फरक पडतो. शिवाय निकषात म्हटलंय की घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे. वनजमिनीवर दावा पडून असलेल्या घराला तिथंच नाही म्हणतात. दावा लटकत ठेवणं म्हणजे नुसती जमीन अडवणं नाही, पडलेलं घर पुन्हा उभं करण्याचा पैसाही अडवणं आहे. म्हणून घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला लावून घ्या, घरपट्टी भरा. पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यासमोर उभं राहा, काय लिहिलंय ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका, आणि नक्कल मागा.

एक मागणी मात्र आपण सगळ्यांनी मिळून करायची. वनहक्क कायद्याच्या कलम ३ (२) मध्ये गावाच्या सोयीसाठी वनजमीन मागता येते. ग्रामसभेची शिफारस लागते, एका कामाला एक हेक्टरच्या आत. त्या यादीत रस्ता आहे आणि समाजकेंद्रही आहे. ज्या वाडीला रस्ता नाही तिनं रस्ता मागावा. ज्या वाडीला पावसात जायला सुरक्षित पक्की इमारत नाही तिनं समाजकेंद्र मागावं, आणि ते ओढ्याच्या काठाला नको, आपण दाखवू त्या टणक जागेवर. लग्नाला उपयोगी पडेल, बैठकीला पडेल, आणि वाईट रात्री जीव वाचवेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वाडीनं तीन गोष्टी आणायच्या. धोक्याच्या घरांची यादी, ठरावाची पोच, आणि कुणाला कोण उचलणार त्या नावांचा कागद. दाव्यांचा विषय आपण त्याच्यानंतर घेऊ.

पावसाची रात्र आली तर दावं सोडा. पण दावा सोडू नका.

जिंदाबाद.